मुलाखतीची तयारी

दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले की आमच्या घराच्या ओट्यावर दोन प्रकारची मंडळी येतात. काही पेढे घेऊन येतात, काही प्रश्न घेऊन येतात. पेढे आणणारे घाईत असतात; प्रश्न आणणाऱ्यांसाठी मात्र चहा ठेवावा लागतो. "सर, पुढे काय करावे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी विज्ञान शिकवू लागल्यास वीस वर्षे होऊन गेली. ह्या काळात "काय करावे" असे विचारणारे शेकडो भेटले. "का करावे" असे विचारणारा मात्र क्वचितच भेटला. हा दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने माझ्या दाराशी कसा आला, आणि त्यायोगे माझीच एक जुनी चूक मजपुढे पुन्हा कशी उभी राहिली, ती हकीकत आज सांगावयाची आहे. तीत दोष देण्याजोगे जे आहे ते माझे. चांगले आहे ते त्या मुलीचे. तिची अनुमती मी घेतली आहे. नाव मात्र तिच्याच इच्छेवरून देत नाही.

2023 सालच्या पावसाळ्यात एका सायंकाळी ती व तिचे वडील आमच्याकडे आले. वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता एका पतपेढीत पहारेकरी आहेत. आई ग्रामीण रुग्णालयात आया. तेथे तिला सर्वजण मावशी म्हणतात. मुलीने 'नीट' परीक्षेत चांगले गुण मिळविले होते आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे बोलावणे तिला आले होते. वडिलांनी तो कागद घडी न मोडता, दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. "सर, अभ्यास तिने केला. आता बोलायचं कसं, ते तुम्ही शिकवा," एवढेच ते म्हणाले.

पालकांच्या माहितीसाठी येथे थोडे स्पष्टीकरण करणे अवश्य आहे. आपल्या राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत आज प्रवेश मिळतो तो 720 गुणांच्या त्या एका परीक्षेवर. गुणानुक्रम लागतो, यादी लागते, आणि जागा मिळते अथवा मिळत नाही. उमेदवाराचा चेहरा कोणी पाहात नाही व त्यास कोणी काही विचारीत नाही. पुण्याच्या ह्या महाविद्यालयाची रीत निराळी आहे. 1 मे 1948 रोजी स्थापन झालेली ही संस्था डॉक्टर घडविते, त्याचबरोबर सैन्याचे अधिकारीही घडविते. येथून उत्तीर्ण होणाऱ्यास भूदल, नौदल अथवा वायुदल यांच्या वैद्यकीय सेवेत जावे लागते. शिक्षणाचा भार सरकार उचलते. म्हणून 'नीट'च्या गुणांवर निवडलेल्या उमेदवारांस पुण्यास बोलावितात. तेथे इंग्रजीचे आकलन व तर्कशक्ती यांची चाचणी होते, मनोवृत्तीची पाहणी होते, 50 गुणांची मुलाखत होते, आणि शरीरप्रकृतीची कसून तपासणी होते. मुलींसाठी जागा थोड्या असल्याने चढाओढ फार.

हाती दिवस थोडे होते. आम्ही रोज सायंकाळी सात वाजता बसावयाचे ठरविले. ओट्यावर तीन खुर्च्या एका बाजूस व एक खुर्ची समोर, अशी मांडणी केली. तीन खुर्च्यांवर परीक्षक म्हणून मी, माझी पत्नी (ती परिचारिका आहे) आणि शेजारचे निवृत्त सुभेदार असे बसत असू. सुभेदारसाहेब तर इस्त्रीचा सदरा घालून येत. दार उघडून आत कसे यावे, अनुज्ञा मागून कसे बसावे, हात कोठे ठेवावेत, प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहून कसे बोलावे, ह्याचा सराव झाला. ठाऊक नसेल तेथे आढेवेढे न घेता "ठाऊक नाही" असे म्हणावे, हे सुभेदारसाहेबांनी तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतले. "सैन्यात चुकीची वाट सांगणाऱ्यापेक्षा वाट माहीत नाही म्हणणारा बरा," असे ते म्हणत.

ज्ञानाचीही बेगमी केली. रोज वर्तमानपत्रातील एक उतारा मोठ्याने वाचावयाचा व आपल्या शब्दांत इंग्रजीतून सांगावयाचा. तिन्ही दलांतील हुद्दे समजून घ्यावयाचे. सैन्याची वैद्यकीय शाखा 3 एप्रिल 1943 रोजी महायुद्धाच्या काळात कशी एकत्रित करण्यात आली ते वाचावयाचे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले व तेथेच 1942 मध्ये सेवा करीत असता निवर्तले, हेही तिने वाचले. ह्याच पुण्याच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल ह्या हुद्द्यापर्यंत पोहोचल्या व 2021 मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, हे वाचून तिचे डोळे चमकले. हे सर्व तिला लवकर आले. ती हुशार होती, आणि आम्ही तिघेही खूष होतो.

उरला तो एकच प्रश्न, जो प्रत्येक मुलाखतीत येणारच: "तुला डॉक्टर का व्हायचे आहे?"

त्याचे उत्तर तिने आधीच आणले होते. एका शिकवणीवर्गात तयार उत्तरांचा एक छापील संच तिला मिळाला होता. त्यात असे होते, की उमेदवाराची आजी खेड्यात आजारी पडली, डॉक्टर वेळेवर मिळाला नाही, आजी नातीच्या मांडीवर डोके ठेवून मृत्यू पावली, आणि त्याच क्षणी नातीने डॉक्टर होण्याचा निश्चय केला. उत्तर हृदयद्रावक होते. इंग्रजी मात्र ओबडधोबड होते. मी लाल शाईची लेखणी घेऊन बसलो. क्रियापदे सुधारली, एक लांब वाक्य तोडून दोन केली, शेवटी एक गंभीर वाक्य स्वतःच्या पदरचे घातले. हे खरे आहे काय, असे मी तिला एका शब्दाने विचारले नाही. चार दिवसांत तिने ते इतके सुरेख पाठ केले की ऐकताना सुभेदारसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

पुढच्या सायंकाळी पाऊस फार होता. सात वाजता दाराशी मुलगी आली. तिच्याबरोबर डोक्यावर पोते पांघरलेली एक वृद्ध बाई होती. हातात भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी होती. "मास्तर, अंधाराचं पोरीला एकटीला कसं धाडावं, म्हणून म्या आले," असे म्हणून ती ओट्याच्या कडेला बसली आणि शेंगांची पिशवी तिने माझ्या पत्नीच्या हाती दिली.

मी मुलीला विचारले, "ह्या कोण?"

ती खाली पाहून म्हणाली, "आजी."

"आणि ती दुसरी? उत्तरातली?"

"एकच आजी आहे, सर. आईची आई मी जन्मण्याच्या आधीच गेली."

जिला आम्ही चार दिवस रोज सायंकाळी मारीत होतो, ती आजी समोर बसून शेंगा निवडीत होती. "काय शिकिवता मास्तर पोरीला? आम्हालाबी ऐकू द्या की," ती कौतुकाने म्हणाली. मुलीच्या तोंडून शब्द निघेना. सुभेदारसाहेब उगीच पावसाकडे पाहू लागले.

आता मी कबूल करतो, की त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो खरे बोलण्याचा नव्हता. 'आजीच्या जागी आत्या घालावी म्हणजे झाले,' असा तो विचार होता. इतकेच नव्हे, तर तो शब्द माझ्या ओठांपर्यंतही आला होता. तो तेथेच थांबला ह्याचे श्रेय माझ्या सद्गुणास नाही. त्यास एक जुनी आठवण आड आली.

1998 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मीही अशाच एका मुलाखतीस गेलो होतो. त्या काळी काही मिशन वैद्यकीय महाविद्यालये गुणांबरोबर मुलाखतही घेत असत. माझे वडील मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाकी होते. मुलगा डॉक्टर व्हावा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. त्यांनी प्रवासासाठी उसने पैसे आणले. बूट एका नातलगाचे होते व ते मला एक माप मोठे होते. मजकडेही एक सुरेख उत्तर होते. शब्बाथशाळेत आम्ही आयडा स्कडर यांची हकीकत अनेकदा ऐकली होती. अमेरिकन मिशनरी डॉक्टरांची ती कन्या तरुणपणी तिंडीवनमला असता एका रात्री तीन घरचे पुरुष एकामागून एक दाराशी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. पण पुरुष डॉक्टरने त्यांस पाहणे घरच्यांस मान्य नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. त्या रात्रीने आयडाबाईंचे आयुष्य पालटले. त्यांनी 1899 मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेतली, 1900 मध्ये त्या परत आल्या, आणि 1918 मध्ये त्यांनी वेल्लोर येथे स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली.

ही हकीकत मी मुलाखतीत सांगितली. ह्या गोष्टीमुळेच मला डॉक्टर व्हावेसे वाटते, असे मी म्हणालो. समोर एक वृद्ध डॉक्टरबाई होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले व अगदी मायेने विचारले, "ती त्यांची रात्र झाली. तुझ्या आयुष्यात असे काय घडले?"

मजपाशी उत्तर नव्हते. खरे उत्तर 'वडिलांना वाटते म्हणून' हे होते. ते सांगण्याचे धैर्य नव्हते. ते सांगितले असते, तर कदाचित त्यांनी पुढे काही विचारले असते, आणि कदाचित मलाच माझ्याविषयी काही कळले असते. मी बुटांकडे पाहात गप्प बसलो. माझी निवड झाली नाही, आणि ते न्याय्यच झाले. पुढे मी शिक्षक झालो. त्याचा मला खेद नाही. खेद आहे तो एवढाच, की परत आल्यावर वडिलांनी "काय विचारलं रे?" असे विचारले, तेव्हा मी त्यांना दुसराच एक प्रश्न सांगितला. आज ते ह्या जगात नाहीत.

तोच मी, पंचवीस वर्षांनी, दुसऱ्याच्या मुलीस उसने बूट घालून पाठवीत होतो.

मी तो सुधारलेला कागद फाडला. आजीबाईंना सांगितले, "आजी, मी चुकीचं शिकवीत होतो. आज पुन्हा सुरुवात करतो." त्यांना काय कळले कोण जाणे; "असू द्या, मास्तर, चुकतं माणूस," असे म्हणून त्यांनी मला मूठभर शेंगा दिल्या.

मग मी मुलीला मराठीतूनच विचारले, "इंग्रजी राहू दे. परीक्षकही नाहीत असे समज. तुला डॉक्टर का व्हावेसे वाटले?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "सर, ते सांगण्यासारखं नाही. त्यात मी पळून गेले होते."

ती नववीत असता, 2019 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, आईचा डबा घेऊन रुग्णालयात गेली होती. ड्रेसिंगच्या खोलीत एक वृद्ध शेतकरी बसले होते. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. सिस्टर एकट्याच होत्या, त्यांनी हिला सहज सांगितले, "एवढा ट्रे धर, बाळ." हिने जखम पाहिली, आणि ट्रे हातातून टाकून ती पळाली. सारी निर्जंतुक केलेली साधने जमिनीवर पडली. दुसरी येईपर्यंत ते आजोबा अर्धा तास उघडी जखम घेऊन बसून राहिले.

"दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले," ती सांगू लागली. "आजोबा हसले. म्हणाले, 'पोरी, मलाबी पळायचं होतं. पाय चालंना म्हणून बसलो.' मग मी सुट्टीभर रोज गेले. पहिले चार दिवस मी फक्त भिंतीकडे पाहून ट्रे धरला. पाचव्या दिवशी पाहिलं. सिस्टर रोज तेच करायच्या. धुवायचं, मेलेलं काढायचं, पट्टी बांधायची. मला वाटायचं, ह्याने काय होणार? पण एक दिवस काळ्याच्या जागी लाल दिसलं. सिस्टर म्हणाल्या, लाल दिसलं म्हणजे भरायला लागली. एक बोट गेलं, पण पाय वाचला. ते कसं होतं, ते मला शिकायचं आहे. एवढंच आहे, सर. आजीच्या गोष्टीइतकं मोठं नाही."

माझी पत्नी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी ह्याहून मोठं काही पाहिलेलं नाही."

मी तिला आनंदीबाई जोशी यांची आठवण दिली. 1883 च्या फेब्रुवारीत, वयाची अठरा वर्षेही पूर्ण झाली नसताना, ही महाराष्ट्रकन्या बंगालमधील सेरामपूर कॉलेजात श्रोत्यांसमोर उभी राहिली. अमेरिकेस का जातेस, येथे शिक्षणाची सोय नाही काय, एकटी का जातेस, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय, असे जे प्रश्न लोक तिला विचारीत, तेच तिने स्वतः मांडले व एकेकाचे उत्तर दिले. 1886 मध्ये फिलाडेल्फिया येथे पदवी मिळवून ती परतली, आणि 1887 मध्ये पुण्यास क्षयाने तिचा अंत झाला. तिच्या आयुष्यास अवधी मिळाला नाही. परंतु त्या दिवशीची तिची उत्तरे तिची स्वतःची होती. प्रश्न अवघड होते म्हणून तिने ते टाळले नाहीत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न उरला होता: "सैन्यातच का?" येथेही मुलीने भीत भीत विचारले, "सर, फी भरायला पैसे नाहीत, हे सांगितलं तर चालेल?" मी म्हणालो, "सांग. त्यात लाज कसली? पण तेवढ्यावर थांबू नकोस. घरी जाऊन वडिलांना विचार." तिने विचारले. त्या रात्री हवालदारसाहेबांनी प्रथमच मुलीला आपल्या पलटणीच्या डॉक्टरविषयी सांगितले. तो जवानांबरोबर तेवढेच अंतर, तेवढेच ओझे घेऊन चालत असे आणि सर्वांची पाऊले पाहून झाल्यावाचून स्वतःचे बूट काढीत नसे. सतरा वर्षे एका घरात राहून ही गोष्ट मुलीने ऐकली नव्हती, कारण तिने विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते.

उरलेले दिवस आम्ही सराव केला, परंतु तिचे उत्तर मी लिहून दिले नाही. तिचे इंग्रजी अडखळे. मी अडखळू दिले. एके दिवशी ती आधी पळून गेल्याचे सांगे, दुसऱ्या दिवशी आधी जखमेचे. पाठ नसल्यामुळे दर वेळी ते थोडे वेगळे येई आणि दर वेळी खरे वाटे.

पुण्याहून परतल्यावर ती पेढे न आणता आधी हकीकत सांगावयास आली. तिच्या सांगण्यावरून समजले, की समोरच्या अधिकाऱ्यांनी तिचे बोलणे ऐकून विचारले, "आता जखम पाहून भीती वाटते?" ती म्हणाली, "थोडी वाटते, पण पाय मागे जात नाहीत." नंतर यादी लागली, तिचे नाव तीत नव्हते. तिच्याहून अधिक गुणांच्या मुली पुष्कळ होत्या. वडिलांनी तो दिवस मुकाट्याने काढला. पुढे काही आठवड्यांनी राज्यातील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तिला जागा मिळाली. तेथे 'का' असे कोणीही विचारले नाही. क्रमांक पाहिला व कागद घेतले.

मला वाटले, आमचा सारा खटाटोप व्यर्थ गेला. परंतु काही महिन्यांनी तिचे पत्र आले. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या दिवशी, देहदान केलेल्या त्या अनाम व्यक्तीस नमस्कार करून वर्ग सुरू झाला तेव्हा, तिच्या शेजारच्या दोन मुली बाहेर गेल्या. हिलाही जावेसे वाटले. "सर, मग मी तुमच्या ओट्यावरचा प्रश्न स्वतःला विचारला," तिने लिहिले होते. "उत्तर माहीत होतं, म्हणून थांबता आलं. नंतर त्या दोघींना घेऊन आत आले." पत्राच्या शेवटी आजी खुशाल असल्याचे मुद्दाम कळविले होते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या वाट्यास अशी मुलाखत येणार नाही. गुणांची यादीच तुमचा निर्णय करील. तरीही हा प्रश्न एकदा स्वतःस विचारून ठेवा. उत्तर लहान असेल, ओशाळे करणारे असेल, तरी ते तुमचे असू द्या. आणि पालकहो, मुलांस उत्तरे पढविण्यापूर्वी त्यांचे ऐका, व तुमच्या आयुष्यातील एखादी गोष्टही त्यांस सांगा. माझ्या वडिलांस मी खरा प्रश्न सांगितला असता, तर ते रागावले नसते, असे आता वाटते. त्यांनी बहुधा चूल पेटविली असती, चहा ठेवला असता, आणि विचारले असते, "मग, बाळा, तुला काय व्हावंसं वाटतं?"